योक्काइची बंदर बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागोयात राहायला आल्यापासून योक्काइचीला माझ्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. घरी पाहुणे आले की त्यांनाही मी तिकडे नेते. त्यामुळे ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले आणि जपानला यायची तयारी करणारे लोक मला सारखे प्रश्न पाठवतात, आणि ते बरेचसे तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. वेळा, भाडी आणि तिकिटं बदलत राहतात, तेवढं निघायच्या आदल्या दिवशी तपासून घ्या.

१. योक्काइची कुठे आहे? आणि बंदरात बघण्यासारखं असतं तरी काय?

जपानच्या मिए प्रांतात, इसे उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर. लोकवस्ती तीन लाखांच्या आसपास. नावाचा अर्थ 'चौथ्या दिवसाचा बाजार'. महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला इथे बाजार भरायचा. आपल्याकडे आठवडी बाजारावरून गावं ओळखली जातात, तसंच हे. एदो (आजचं तोक्यो) ते क्योतो या जुन्या तोकाइदो रस्त्यावरच्या ५३ मुक्कामांपैकी हा ४३वा.

आजचं बंदर मात्र पूर्ण कामाचं आहे. कच्चं तेल, नैसर्गिक वायू, कोळसा आणि कंटेनर उतरतात, मोटारी आणि रसायनं बाहेर जातात. धक्क्यांना लागूनच तेलशुद्धीकरण आणि पेट्रोरसायनांचे कारखाने रात्रंदिवस चालू असतात. इथे प्रसिद्ध देऊळ नाही, नावाजलेली बाग नाही, की फोटोसाठी रंगवलेली भिंत नाही. तरीही मी लोकांना इथे नेते. आपण वापरतो ते प्लास्टिक, इंधन आणि वीज कुठून येतं, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन्ही एका दिवसात इतक्या जवळून दाखवणारी जागा मला दुसरी माहीत नाही.

२. नागोयाहून कसं जायचं? कुठल्या स्टेशनवर उतरू?

इथेच बहुतेक जण चुकतात. योक्काइची नावाची दोन स्टेशनं आहेत. किन्तेत्सू कंपनीचं किन्तेत्सू-योक्काइची शहराच्या मध्यात आहे, दुकानं आणि हॉटेलं तिथे. जेआर या दुसऱ्या रेल्वे कंपनीचं योक्काइची बंदराच्या बाजूला आहे. दोन्हींत एक किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. किन्तेत्सूच्या गाड्या जास्त आणि साधारण अर्ध्या तासात पोहोचवणाऱ्या. जेआरला थोडा जास्त वेळ लागतो.

प्रदूषणाच्या संग्रहालयासाठी (प्रश्न १०) किन्तेत्सू-योक्काइची, जुन्या बंदरासाठी आणि उघडझाप करणाऱ्या पुलासाठी जेआर योक्काइची, उंच मनोऱ्यासाठी जेआरचं तोमिदाहामा, आणि दक्षिणेकडच्या सगळ्यात जुन्या कारखान्यांसाठी किन्तेत्सूचं शिओहामा. ही चार नावं कागदावर लिहून जवळ ठेवा.

३. बंदराच्या आत थेट जाता येतं का? कारखान्यात?

नाही. परदेशी जहाजं लागतात त्या धक्क्यांना कुंपण असतं, फाटकावर पहारा असतो. जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २००४ पासून लागू झाले, तेव्हापासून जगभर हीच पद्धत आहे. कुंपणावरच्या पाटीवर 'सोलास' (या नियमांमागच्या कराराचं नाव) हा शब्द दिसला की समजा, ही हद्द आपल्यासाठी नाही. फाटकातल्या माणसाला विनवणी करून त्याला अडचणीत टाकू नका. कारखान्यांचंही तेच. शाळा किंवा संस्थेच्या गटाला आधी लेखी परवानगी काढून काही ठिकाणी आत नेतात, पण एकट्यादुकट्या प्रवाशाने ती आशा धरू नये.

बाकी सार्वजनिक रस्ते, पूल, कालव्यांचे काठ, जुना धक्का, मनोरा आणि बोट या वाटा मोकळ्या आहेत, आणि त्यातच दिवस भरतो.

४. सगळं बंदर एका नजरेत कुठून दिसतं?

कासुमिगाउरा भागातल्या पोर्ट बिल्डिंगवरून. मी मनोरा म्हणते तो हाच. परदेशी व्यापारासाठी बंदर खुलं झालं त्याला शंभर वर्षं झाली, तेव्हा १९९९ मध्ये ही १०० मीटर उंचीची इमारत उभी राहिली. चौदाव्या मजल्यावर, जमिनीपासून ९० मीटरवर, 'उमितेरासू १४' नावाचा प्रेक्षणमजला आहे. तिकीट थोडकंच. तोमिदाहामा स्टेशनवरून पायी पंधरा मिनिटं.

वर गेल्यावर आधी समुद्राकडे बघू नका, डोंगराकडे बघा. मागे सुझुकाची रांग, तिच्या पायथ्याशी शहर, मग रेल्वे, मग भराव टाकून समुद्रातून मिळवलेली जमीन, आणि शेवटी जहाजं. या क्रमाने पाहिलं की बंदर असं सरळ रेषांचं का आहे ते कळतं. इथला मूळ किनारा आज दिसतो त्याच्या बराच आत होता. खाली कंटेनर उचलणाऱ्या क्रेन असतात. एक कंटेनर ट्रकवरून उचलून जहाजात बसेपर्यंत नजर हलवू नका. मुलांना हे दाखवाच.

५. रात्री कारखान्यांचे दिवे बघायला बोट निघते म्हणे. घ्यावी का?

घ्यावी. कारखान्यांची रात्र बघायला जाणं हा जपानमध्ये आता रुळलेला छंद आहे. कावासाकी, मुरोरान, किताक्यूशू आणि योक्काइची या शहरांनी २०११ पासून एकत्र येऊन त्याला वळण दिलं. योक्काइचीची बोट त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाली. रोज निघत नाही, जागा आधी राखून ठेवाव्या लागतात, वारा वाढला तर फेरी रद्द होते. माहिती जपानीत सांगतात. भाषा आली नाही तरी काही बिघडत नाही.

अंधार पडल्यानंतरच्या फेरीपेक्षा सूर्य मावळताना निघणारी मिळाली तर ती घ्या. आकाश गडद निळं असताना नळ, शिड्या आणि टाक्यांचे आकार दिसतात. पूर्ण काळोखात नुसते ठिपके उरतात. बोट हुकली तर तारुसाका बागेच्या टेकडीवरून दूरचा देखावा फुकट मिळतो.

६. ते दिवे पर्यटकांसाठीच लावतात ना? आणि वर जळणारी ज्योत, पांढरा धूर, हे काय असतं?

पर्यटकांसाठी नाही. कारखाना चोवीस तास चालतो. रात्रपाळीचा माणूस शिड्या चढून झडपा आणि दाबमापकं तपासतो, त्याला पायरी दिसावी म्हणून प्रत्येक कठड्यावर आणि माचीवर दिवा असतो. उंच धुराड्यांवरचे लाल दिवे विमानांसाठी. नारिंगी दिसतात ते जुने सोडियमचे, पांढरे नवे एलईडी. मी पहिल्यांदा बोटीने गेले तेव्हा एका माचीवर बारीकशी हलणारी आकृती दिसली आणि त्यानंतर मला नुसते दिवे कधी दिसलेच नाहीत, त्यांच्यामागचा माणूसही दिसतो.

ज्योत असते ती फ्लेअरची. कारखान्याचा भाग चालू किंवा बंद करताना, किंवा आत काही बिघडलं तर, जादा वायू हवेत तसाच न सोडता उंचावर जाळून टाकतात. पांढरे ढग बहुतेक वेळा पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांची वाफ असते, थोडं वर गेलं की ती विरते. धूर मात्र लांबपर्यंत पट्टा धरून राहतो. तरी 'म्हणजे सगळं छान' असा निष्कर्ष काढू नका. प्रश्न १० वाचा.

७. उघडणारा रेल्वे पूल बघायचाय. तो नक्की कधी हलतो?

चितोसे कालव्यावरचा सुएहिरो पूल. १९३१ चा. मधला १६ मीटरचा भाग हातासारखा वर उचलला जातो. चालू असलेला असा उचलणारा रेल्वे पूल जपानमध्ये आता हा एकच, आणि १९९८ पासून तो महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून जपलेला आहे. आराखडा यामामोतो उतारो या अभियंत्याचा.

पण लोक उलट समजून जातात, ती गोष्ट नीट ऐका. हा पूल नेहमी वरच असतो, म्हणजे बोटींना वाट मोकळी. सिमेंटची मालगाडी यायची असली की तो खाली येतो, गाडी जाते, आणि पुन्हा वर. तेव्हा बघायचं असतं ते त्याचं खाली येणं. गाड्या दिवसातून मोजक्याच, आणि रविवारी-सुट्टीला नसूही शकतात, म्हणून शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जा. जेआर योक्काइचीहून चालत जाता येतं. शेजारीच रिंको पूल आहे. तो रस्त्याचा, आणि तोही उचलला जातो, पण बोट आली की. दोघांचं काम एकमेकांच्या उलटं आहे.

पूल हलवणारा माणूस घाईत नसतो. घंटा वाजते, भाग हळूहळू उतरतो, कुलूप बसतं, मग झेंडी. मी तिथे डबा घेऊन बसते.

८. जुन्या बंदरातली 'पाणी उडवणारी भिंत' काय प्रकार आहे?

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट, म्हणून थोडं मागून सांगते.

१८५४ च्या मोठ्या भूकंपात इथलं जुनं बंदर मोडलं, गाळाने भरलं. इनाबा सानएमोन नावाचा जहाजांचा अडत्या होता. त्याने १८७३ मध्ये बंदर पुन्हा बांधायला घेतलं, स्वतःचे पैसे ओतले. पैसा संपला, काम थांबलं, प्रशासनाशी खटके उडाले. अकरा वर्षांनी, १८८४ मध्ये, काम पुरं झालं. पुढे वादळांनी ते पुन्हा खिळखिळं केलं, तेव्हा १८९४ मध्ये ही लाटा अडवणारी भिंत नव्याने उभी राहिली. ती बांधणारा हात्तोरी चोशिची. चुना आणि माती कुटून दगडासारखा टणक माल बनवण्यात त्याचा हातखंडा होता, सिमेंट तेव्हा महाग होतं.

भिंती दोन आहेत. समुद्राकडची बुटकी, आतली उंच, मध्ये चर. लाट बुटक्या भिंतीवर आपटून अर्धी दमते, उरलेली वरून चरात पडते, आणि उंच भिंतीतल्या पाचकोनी भोकांतून बंदराच्या बाजूला निघून जाते. लाटेला छातीवर न घेता तिला वाट काढून द्यायची, ही अक्कल सव्वाशे वर्षांपूर्वीची. भोकांतून पाणी उसळताना दिसायचं म्हणून 'पाणी उडवणारी'. आता पुढे भराव झाल्याने तशी लाट येत नाही, पण भिंत जागेवर आहे. जवळच्या इनाबांच्या नावाच्या बागेत तिची प्रतिकृती आहे, भोकं नीट बघायची तर तिथे बघा.

९. या बंदराचा मुंबईशी काही संबंध आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. तो काय?

कापसाचा. १८९० च्या दशकात जपानच्या सूतगिरण्या हिंदुस्थानातला कापूस मोठ्या प्रमाणावर घेऊ लागल्या. तो मुंबईहून निघायचा, पण वाहतूक परदेशी जहाज कंपन्यांच्या हातात होती. जमशेटजी टाटांची पेढी आणि निप्पोन यूसेन ही जपानी कंपनी यांनी मिळून १८९३ मध्ये मुंबई-जपान असा नियमित जलमार्ग सुरू केला. ७ नोव्हेंबरला कोबेहून 'हिरोशिमा मारू' निघाली. जपानची दूरच्या समुद्रावरची ती पहिली नियमित सेवा.

योक्काइचीत तेव्हा मिए सूतगिरणी होती. १९१४ मध्ये ओसाकाच्या गिरणीत मिळून तिची 'तोयोबो' झाली. ४ ऑगस्ट १८९९ ला बंदर परदेशी व्यापारासाठी खुलं झालं, आणि तेल येण्याआधी बराच काळ कापूस आणि लोकर हीच इथली मोठी आयात होती. लोकर ऑस्ट्रेलियाची, त्यातूनच १९६८ मध्ये सिडनीशी भगिनी-बंदराचं नातं जुळलं. गिरणगावात वाढलेल्या माझ्या सासऱ्यांना मी जुन्या धक्क्यावर हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गाठोड्यांच्या मापांबद्दल बोलत राहिले.

१०. योक्काइची म्हणजे दम्याचं गाव ना? आता तिथे जाणं सुरक्षित आहे का?

सुरक्षित आहे. पण फक्त तेवढं उत्तर घेऊन पुढे जाऊ नका.

नौदलाचा जुना इंधन कारखाना होता त्या जागेवर १९५९ मध्ये पहिला पेट्रोरसायन संकुल पूर्ण चालू झाला. त्याच सुमाराला समुद्रातल्या माशांना तेलाचा वास येऊ लागला, तोक्योच्या बाजारात ते कोणी घेईना. मग माणसांची पाळी आली. जास्त गंधक असलेलं तेल जळायचं, सल्फर डायऑक्साइड वाऱ्याबरोबर वस्त्यांवर उतरायचा, लोकांना रात्री धाप लागायची. कारखान्यांजवळच्या शाळेत मुलं मास्क लावायची, गुळण्या करायची. जपानच्या चार मोठ्या प्रदूषण-आजारांत हा एक. १९६५ मध्ये शहराने स्वतः रुग्णांची नोंद करून मोफत उपचार सुरू केले, देशात सगळ्यांत आधी.

१ सप्टेंबर १९६७ ला इसोझू गावच्या नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांवर दावा लावला. कोणत्या धुराड्याचा धूर कोणाच्या छातीत गेला हे वेगवेगळं सिद्ध करा, असा कंपन्यांचा मुद्दा होता. २४ जुलै १९७२ ला त्सू जिल्हा न्यायालयाच्या योक्काइची शाखेने सहाही कंपन्यांना एकत्रितपणे जबाबदार धरलं. त्याच वर्षी प्रांताने प्रत्येक कारखान्याने एकूण किती वायू सोडायचा यावर मर्यादा घातली. नुसती उंच धुराडी बांधून धूर लांब पाठवायची पळवाट त्याने बंद झाली. १९७६ च्या सुमारास सल्फर डायऑक्साइडचं मानक शहरभर पाळलं जाऊ लागलं.

आज हवा तुम्हाला त्रास देणार नाही. कधी कारखान्यांजवळ वास येतो, इतकंच. ज्यांना मुळातच दमा आहे त्यांनी आपलं औषध जवळ ठेवावं, ते कुठेही ठेवावंच.

किन्तेत्सू-योक्काइचीजवळ 'योक्काइची प्रदूषण आणि पर्यावरणाचं भविष्य' या विषयाचं संग्रहालय २०१५ मध्ये उघडलं. कायमचं प्रदर्शन मोफत, सोमवारी बंद. रुग्णांच्या आणि कामगारांच्याही चित्रित मुलाखती आहेत. मी सगळ्यांना सांगते, बोटीआधी इथे जा. संग्रहालय बघून रात्री दिवे बघितलेल्या माणसाला आणि नुसते दिवे बघितलेल्या माणसाला वेगळं शहर दिसतं.

११. मग इसोझू गावात जाऊन यावं का?

जाता येतं, शिओहामा स्टेशनवरून सुझुका नदी ओलांडून. नदीच्या एका काठाला कारखाने, दुसऱ्या काठाला कोळीवाडा, मध्ये फक्त पाण्याचा पट्टा. पुलावर उभं राहिलं तरी दाव्याचं सगळं कारण डोळ्यांसमोर येतं.

पण ते आजही राहतं गाव आहे. घरांसमोर गटाने उभं राहू नका, दारातल्या म्हाताऱ्या माणसांना 'तुम्हाला पण होता का' असं विचारू नका. मी पुलावरूनच परत फिरते.

१२. फोटो काढले तर चालतात का? ड्रोन?

सार्वजनिक रस्त्यावरून, पुलावरून किंवा बोटीतून फोटो काढायला हरकत नाही. फाटक, पहारेकरी आणि ट्रकच्या नंबरपाट्या टाळा. तिकाटणं लावलं तर ट्रकची वाट अडणार नाही असं लावा, रात्रीही अवजड गाड्या धावत असतात. कोणी नको म्हटलं तर लगेच थांबा. ड्रोन घरी ठेवा. १०० ग्रॅम आणि त्यावरच्या प्रत्येक ड्रोनची जपानमध्ये नोंदणी लागते, आणि इथे खाली तेलाच्या टाक्या आहेत.

१३. आम्ही शुद्ध शाकाहारी. खायचं काय?

योक्काइचीची प्रसिद्ध डिश म्हणजे लसणीत परतलेला डुकराच्या मांसाचा जाड तुकडा. ती तुमच्यासाठी नाही. नूडल्सच्या रश्शात माशाचा अर्क असतो, न विचारता खाऊ नका. गोडात मात्र 'नागामोची' घ्याच. तांदळाच्या लांबट चपट्या मोचीत लाल घेवड्याचं गोड पुरण, वरून भाजलेलं. १५५० पासून इथे बनतं. बंदराच्या बाजूला दुकानं विरळ आहेत, डबा किंवा ओनिगिरी (भाताचे भरलेले गोळे) बरोबर असू द्या. आत काय भरलंय ते मात्र विचारून घ्या.

स्वयंपाकघरासाठी काही न्यायचं असेल तर बान्को मातीची भांडी. आचेवर ठेवायची झाकणाची मातीची हंडी इथलीच नावाजलेली.

१४. आजी-आजोबा आणि लहान मूल बरोबर आहे. कुठल्या महिन्यात यावं?

मनोरा आणि संग्रहालय दोन्हीकडे लिफ्ट आहे. पूल आणि जुना धक्का यांना चालावं लागतं, सावली कमी. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर बरे. हिवाळ्यात हवा सगळ्यात स्वच्छ आणि देखावा सगळ्यात लांबचा, पण डोंगरावरून कोरडा गार वारा सुटतो, त्याला 'सुझुका ओरोशी' म्हणतात. तो कानटोपीशिवाय सोसत नाही. ऑगस्टमध्ये दुपारी धक्क्यावर थांबू नका.

१५. समुद्राकाठी असताना भूकंप झाला तर?

जोराचा किंवा लांबलेला धक्का बसला की फोटो, सामान, बोटीचं तिकीट सगळं सोडून किनाऱ्यापासून दूर आणि उंच जा. त्सुनामीच्या हिरव्या पाट्यांवर पळणारा माणूस काढलेला असतो, बाणाकडे चला. स्टेशनवरून बाहेर पडताना अशी एक पाटी मुलांकडून शोधून घ्या.

वादळाचंही गांभीर्य असू द्या. २६ सप्टेंबर १९५९ च्या इसे उपसागराच्या वादळात या किनाऱ्यांवर समुद्र आत आला आणि देशभरात मृत-बेपत्ता मिळून पाच हजारांहून जास्त माणसं गेली. रस्त्यांत समुद्रभिंतीला जाडजूड लोखंडी दरवाजे दिसतील, ते त्यासाठीच. ते बंद व्हायला लागले की त्यांच्या शहराकडच्या बाजूला असायचं.

१६. माझा मुलगा जहाजावर आहे, त्याचं जहाज योक्काइचीला लागणार आहे. त्याला भेटता येईल का?

कोकणातून दरवर्षी दोन-तीन तरी आयांचा हा प्रश्न येतो, आणि ह्याचं उत्तर मला सगळ्यात सावकाश द्यावंसं वाटतं.

जहाजावर चढायची आशा धरू नका, कारण प्रश्न ३ मध्ये आहे. तो बाहेर येऊ शकतो, पण त्याला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: जपानच्या इमिग्रेशनचा किनाऱ्यावर उतरायचा परवाना, कप्तानाची रजा, आणि कामाच्या पाळीतून सुटका. हे सगळं जहाजाच्या स्थानिक एजंटामार्फत होतं. म्हणून मुलाला आठवडाभर आधी कप्तानाशी बोलायला सांगा. एजंटाचं नाव आणि नंबर त्याच्याकडूनच घ्या.

जहाज कोणतं आहे ते विचारा. कच्च्या तेलाची सगळ्यात मोठी जहाजं किनाऱ्याला येत नाहीत, समुद्रातल्या खोल पाण्याच्या धक्क्याला लागतात आणि तिथूनच नळाने तेल देतात. त्यावरच्या खलाशाला उतरणं फार अवघड. कंटेनरचं जहाज काही तासांतच निघून जातं. मोटारी किंवा कोळशाच्या जहाजावर थोडी जास्त सवड मिळू शकते. जहाजाची वेळ हवेवर आणि धक्क्याच्या रांगेवर ठरते, ती एक दिवस मागेपुढे होतेच. म्हणून फक्त या भेटीसाठी भारतातून तिकीट काढू नका. तुम्ही आधीच जपानमध्ये असाल तर जरूर प्रयत्न करा.

भेट फाटकाबाहेर ठरवा, आणि जागा स्टेशनची ठेवा, रस्त्याची नको. भेट नाहीच जमली तर मनोऱ्यावर जा. एकदा रत्नागिरीच्या एक काकू माझ्याबरोबर आल्या होत्या, मुलाला रजा मिळाली नव्हती. आम्ही वरून त्याचं जहाज ओळखलं, फोन लावला, आणि तो डेकवर येऊन हेल्मेट काढून हलवत राहिला. दुर्बीण मात्र बरोबर न्या, आम्ही नेली नव्हती.